विमानाच्या माळाखालची शिवबाई

मी विमानाचा माळ बोलतोय. नकाशात शोधत बसू नका, तिथं माझं नाव नाही. सोलापूर मागं टाकून अक्कलकोटच्या अंगाला निघालात की रस्त्यापासून थोडा आत, दोन कोरड्या ओढ्यांच्या मधे मी पसरलेलो आहे. आसपासच्या गावातली माणसं मला इमानाचा माळ म्हणतात. शहराच्या जुळे सोलापूर भागातून फोटो काढायला येणारी मंडळी रनवे म्हणतात. सरकारी कागदावर मी 'जुनी धावपट्टी' आहे. कुठल्याही नावानं हाक मारा, माझ्यावर आता विमान उतरत नाही.

सध्या मला कुंपण घालणं चाललंय. माझ्या अंगावर सोलरच्या प्लेटा बसणार आहेत. कुंपण पुरं झालं की आत कुणाला सोडणार नाहीत, म्हणून त्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. माझी एकट्याची असती तर मी गप्प पडून राहिलो असतो, मला त्याची सवय आहे. पण ती एका म्हातारीची आहे आणि म्हातारी अजून जिवंत आहे.

माझा जन्म दोनदा झाला. पहिला कधी ते मलाही ठाऊक नाही. मुरूम, कुसळी गवत, तरवडाची पिवळी फुलं आणि खालच्या अंगाला काळ्या मातीचं एक रान, एवढाच माझा संसार. ते काळं रान निंगप्पाचं. निंगप्पा लिंगायत शेतकरी. घरात कानडी बोलायचा, बाजारात मराठी आणि बैलांशी दोन्ही. त्याची बायको शिवबाई. खुरपताना ती माझ्याशी बोलायची, म्हणजे स्वतःशीच बोलायची, पण ऐकायला मीच असायचो. एका वर्षी ती तापानं गेली. तिच्या मागं राहिली गौरम्मा, तीन-चार वर्षांची पोर.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. आपल्याच रानात खड्डा घेऊन त्यात मांडी घालून बसवतात. अंगाला विभूती लावतात, जन्मभर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग तळहातावर ठेवतात आणि मग माती देतात. शिवबाईला तशीच माझ्यात बसवली. तोवर मी पोटात बियाणं घेतलं होतं, माणूस पहिल्यांदाच घेतलं. निंगप्पानं कुठून तरी काळ्या दगडाचं लिंग आणून वर ठेवलं. गौरम्मा त्या दगडापाशी बसून राहिली आणि बापाला म्हणाली,

"अप्पा, अव्वा सारखी बसून दमत नसंल?"

निंगप्पानं तिला उचलून खांद्यावर घेतलं.

मग जगात लढाई लागली. जग म्हणजे काय ते मला तेव्हा कळत नव्हतं, पण एके दिवशी जीपगाड्या आल्या, साहेब आले, काठ्या रोवल्या गेल्या, आणि गावात दवंडी पिटली की या माळावर विमानं शिकवायची आहेत, तर माणसांनी रानं सोडावीत, लढाई संपली की जमीन ज्याची त्याला परत मिळेल. निंगप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. जमिनीसाठी तर पळालंच, पण त्याहून जास्त त्या दगडासाठी. तो एका साहेबासमोर हात जोडून उभा राहिला, दगडाकडं बोट दाखवलं, आपल्या गळ्यातलं लिंग दाखवलं, मातीत मांडी घालून बसूनही दाखवलं. साहेबानं मान हलवली. समोरच्यानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं, असं आपल्याकडं धरून चालतात. निंगप्पानं पोरीला घेतलं आणि बार्शीला बहिणीच्या घरी निघून गेला. तो साहेब दोन दिवसांनी बदलून गेला.

माझा दुसरा जन्म असा झाला. कडुनिंब तोडले, बांध मोडले, सगळं एकसारखं सपाट केलं. मुरूम आणि खडी डोक्यावरून वाहायला गावोगावची माणसं आली. त्यांच्या एका टोळीचा मुकादम होता बिरदेव. धनगर माणूस, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. देव दिसला की त्याचा हात कामावरून आधी कपाळाला जायचा.

त्याची टोळी काळ्या रानात आली तेव्हा बांध नव्हता, झाड नव्हतं, खूण म्हणावी असं काहीच उरलं नव्हतं. होतं ते फक्त लिंग, मोकळ्या मातीत. टोळी जागच्या जागी थांबली. वरून सिमेंटचं काम आहे, थांबून चालणार नाही, असा ओव्हरसियरचा आरडाओरडा सुरू झाला, पण टिकाव कुणी उचलेना.

बिरदेव म्हणाला, "महादेव हाय ह्यो. ह्येला सिमिटाखाली घालून आमची पोरंबाळं सुखानं जगायची न्हाईत. कडंला न्हेऊन ठिवू, मग तुमचं काय चालायचं ते चालू द्या."

त्यांनी नारळ फोडला, भंडारा उधळला. चौघांनी मिळून लिंग उचललं आणि मोठ्या भक्तिभावानं पट्टीच्या कडेला, हाकेच्या अंतरावर नेऊन पक्कं बसवलं. जाताना एकेकानं त्याच्या पायाशी डोकं टेकलं. आणि ज्या जागेवरून ते उचललं होतं, तिथं सिमेंट ओतलं.

दगडाखाली कुणी बसलेलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांच्यात मेल्या माणसाची अशी खूण नसते. त्यांना देव दिसला आणि त्यांनी देव वाचवला. त्यांच्या मनात पाप असतं तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी रागावता आलं असतं.

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या थाटाची. पिवळ्या रंगाची लहान लहान विमानं यायची. त्यांतून मिसरूड न फुटलेली पोरं उतरायची, काही गोरी, काही आपली. शिकाऊच ती. माझ्यावर टेकताना विमान असं उसळवायची की माझ्या फासळ्या मोजून व्हाव्यात. मास्तर शिव्या द्यायचा, पोरं खालच्या मानेनं हसायची आणि पुन्हा वर जायची. इथं शिकून ती पूर्वेकडं लढाईवर जायची. जाताना प्रत्येक जण वरून एक फेरी मारायचा. परत मात्र कुणी आलं नाही. किती जगली, किती मेली, मला कुणी कळवलं नाही. आणि ती चाकं ज्या ठिकाणी पहिल्यांदा टेकायची, त्याच्या थोडंसंच पुढं, खाली, शिवबाई हातात लिंग घेऊन बसलेली होती.

लढाई संपली. तंबू उठले, पिंपं गेली, वारा मोजायचं ते पांढरं कापड कुणीतरी धोतराला फाडून नेलं. जमीन परत मिळेल म्हणणारे तर सगळ्यात आधी गेले. निंगप्पा बार्शीहून आला. आठ वर्षांची गौरम्मा त्याच्या बोटाला. रान कुठं होतं, कडुनिंब कुठं होता, त्याला काही लागेना. तो पट्टीवर उभा राहून गोल फिरला, एकदा, पुन्हा एकदा. चेहरा राखेसारखा झाला होता. मग कडेला त्याला लिंग दिसलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. पळत जाऊन त्यानं दगडाला मिठी मारली.

"राखलं बघ तुज्या अव्वाला," तो पोरीला म्हणाला. "सायबानं सबुद पाळला. पट्टी वाकडी केली आसंल, पर अव्वाला हात लावला न्हाय."

पट्टी कुठंच वाकडी नव्हती. मी सुतासारखा सरळ आहे, कुणीही येऊन बघावं. पण ज्याला हवं ते सापडलंय, तो पट्टी कशाला बघेल?

तेव्हापासून वेळ अमावस्येला गौरम्मा येत गेली. मार्गशीर्ष सरता सरता आमच्याकडं माणसं सगळं घरदार घेऊन रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, काळ्या आईला निवद दाखवतात, तो हा सण. गौरम्माला रान नव्हतं, ती माझ्याकडं यायची. दुरडीत बाजरीचे उंडे, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, शेंगांची पोळी, मडक्यात अंबील. निंगप्पा गेल्यावर नवऱ्याबरोबर आली, नवरा गेल्यावर मुलाबरोबर. निवद दाखवून झाला की सगळ्यांना लांब जेवायला बसवायची आणि स्वतः दगडाला पाठ टेकून बसायची. मग वर्षभराचं सगळं सांगायची. सासूनं काय छळलं, पहिलं बाळ कसं दगावलं, मुलगा महेश्वर कसा पहिल्या झटक्यात नोकरीला लागला. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. फोटो तर नव्हताच. तिला आई म्हणून तो दगड होता आणि तिनं त्या दगडाला आईसारखंच वापरलं.

ती बोलायची आणि ऐकायचो मी. जिच्यासाठी बोलायची, ती हाकेच्या अंतरावर सिमेंटखाली होती. माझ्या पोटात मला ओरडावंसं वाटायचं. पण जमिनीला तोंड दिलेलं नाही.

बाकीचे दिवस माझे बरे चालले होते, खोटं कशाला बोलू. बायका माझ्यावर मिरच्या आणि तुरी वाळत घालायच्या. करडई पसरून तिच्यावरून ट्रॅक्टर फिरवायचे. निवडणुकीत हेलिकॉप्टर उतरलं की पुढाऱ्याआधी धूळच भाषण करायची. जुळे सोलापुरातले बाप पोरींना स्कूटी शिकवायला आणायचे आणि पोरींपेक्षा स्वतःच जास्त घाबरायचे. अलीकडं लग्न ठरलेली जोडपी येतात, ती लांब झग्याचं टोक वाऱ्यावर फेकते, तो गॉगल लावून लांब बघतो. विमानाची ती पोरंही फोटो काढताना अशीच लांब बघायची.

मग गेल्या वेळ अमावस्येला संघप्रिया भेटली.

संघप्रिया कंपनीची इंजिनिअर, शहरातली, शिडशिडीत, डोक्यावर पिवळी टोपी. ती मोजमापं घेत माझ्यावरून फिरत होती. गौरम्मा दगडाला टेकून बसली होती, आता नव्वदीला टेकलेली, महेश्वरच्या दंडाला धरल्याशिवाय पाऊल न पडणारी.

"आजी, इथं नका बसू. इथं आखणी करायचीय," संघप्रिया म्हणाली.

"बसू दे की. माझ्या अव्वापाशी बसलेय. तू बी बस, अंबील घे. उनाची फिरतीस."

संघप्रियानं दगडाकडं बघितलं, मग पायांतले बूट काढून ती खरंच खाली बसली. गौरम्मानं तिला सगळं सांगितलं. बार्शी, साहेब, निंगप्पा, सगळं. आणि शेवटी म्हणाली, "मी गेले की मला हिच्या शेजारी बसवायचंय. पोराला सांगून ठिवलंय. जिती असताना मांडीवर बसायला गावली न्हाय, आता शेजारी तरी बसंन."

संघप्रिया महेश्वरकडं बघायला लागली. महेश्वर दुरडीतली पोळी उगाच सारखी करत होता. कुंपणाची बातमी त्यानं पेपरात वाचली होती.

"अव्वा, मी तुला सांगणारच होतो," तो म्हणाला.

गौरम्मानं ऐकून घेतलं. रडली नाही. फक्त दगडावर ठेवलेला हात तिनं बराच वेळ काढला नाही.

संघप्रियानं ते मनावर घेतलं. साहेबांच्या मागं लागली, कलेक्टर कचेरीत खेटे घातले. कुंपणाच्या आत समाधी ठेवायला कुणी तयार होईना. पण दिवाळीनंतर ती जुळे सोलापुरात महेश्वरच्या घरी जाऊन आली आणि सांगून आली, की आजींच्या अव्वांना तुमच्या रीतीनं उचलून न्या, होईल तेवढा वेळ घ्या, तोवर त्या बाजूला यंत्र जाणार नाही. महेश्वरनं निवृत्त झाल्यावर अक्कलकोट रस्त्याला थोडं रान घेतलं होतं. तिथं शिवबाईला नेऊन बसवायचं आणि पुढं केव्हातरी शेजारी गौरम्माला, असं ठरलं. संघप्रिया हे फोनवर बोलत असताना मी ऐकलं, आणि दगडाखाली कुणी नाही हे फक्त मला ठाऊक होतं.

ठरल्या दिवशी ते सगळे सकाळी आले. अय्या, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, आले विभूती घेऊन. गौरम्मानं आईची हाडं बांधायला नवं इरकल लुगडं आणलं होतं, हिरवं, लाल पदराचं. खुर्चीत बसून ते मांडीवर घेऊन सारखी विचारत होती, "रंग आवडंल न्हवं तिला?" अय्यांनी मंत्र म्हटले. लिंग बाजूला काढलं. जेसीबीचा ड्रायव्हर धोंडिराम म्हणाला, "मशीन नको, मॅडम. माणूस हाय आत," आणि स्वतः कुदळ घेऊन उतरला.

गुडघाभर खणलं. कमरेएवढं खणलं. छातीएवढं खणलं. खाली मुरूम, नुसता घट्ट मुरूम, देवानं घातला तसाच. धोंडिरामनं वर बघितलं, संघप्रियानं खाली. दोघांनाही कळलं होतं.

"माती झाली आसंल, आजी," धोंडिराम घाम पुसत म्हणाला. "ऐंशी वर्सं म्हंजे काय थोडी न्हाईत."

"व्हय की," गौरम्मा म्हणाली. महेश्वरनं सुटकेचा श्वास टाकला. सगळ्यांनाच वाटलं, निभावलं.

मग ती म्हणाली, "हाडाची माती व्हती. हातातल्या लिंगाची कशी व्हईल?"

अय्यांनी मान खाली घातली.

"धोंडिराम, खरं सांग. ही जागा आदी कुणी उकरलेली हाय का?"

"न्हाय, आजी."

गौरम्मानं खड्ड्यात बघितलं, मग पट्टीकडं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची नजर माझ्यावरून फिरली. तिच्या बापानं एकदा अशीच फिरवली होती, पण त्याला शेवटी दगड दिसला होता.

"मग येवडी वर्सं मी कुणाशी बोलत व्हते रं?"

माझ्याशी, गौरम्मा. सगळं ऐकलंय मी. तुझं दगावलेलं बाळ मला ठाऊक आहे, तुझी सासू ठाऊक आहे. पण तुला मी कशाला हवा होतो?

संघप्रिया तिच्या खुर्चीपाशी बसली. "आपण शोधू, आजी. मी बोलते साहेबांशी."

"कुटं शोधायचं, पोरी? केवडं थोरलं सिमिट हे. तुमी तर ते फोडणार बी न्हाय."

ते खरं होतं. सिमेंट अजून दणकट आहे म्हणून प्लेटा त्याच्यावरच ठेवायच्या ठरल्यात. म्हणजे खालचं खालीच राहणार.

"महेश्वर," ती म्हणाली, "मला आता कुटंबी बसव. माझी काय तक्रार न्हाय."

लुगडं तिनं घडी न मोडता पिशवीत घातलं. गाडी पट्टीच्या पलीकडं उभी होती. महेश्वरच्या दंडाला धरून ती माझ्यावरून चालत निघाली, एक एक पाऊल. वाटेत एका चौकोनावर दम लागला म्हणून थांबली. अगदी त्याच चौकोनावर. मी म्हटलं, आता खाली बस, गौरम्मा, हात टेक, नुसता हात टेक. पण ती पदरानं तोंड पुसून पुढं गेली.

यंदाच्या वेळ अमावस्येला महेश्वर एकटाच आला. कुंपणाचं काम एका बाजूनं राहिलंय, तिथून आत शिरला. भरलेल्या खड्ड्यापाशी उभा राहून त्यानं घरी फोन लावला. गौरम्मा आता अंथरुणालाच असते.

"अव्वा, गाडी पाठवू का? अजून सोडतायत आत. येऊन जा एकदा."

फोनातून तिचा आवाज आला, बारीक, पण मला स्पष्ट ऐकू आला.

"तितं कोण हाय?"

महेश्वर फोन खिशात घालून निघून गेला.

ऐकताय ना तुम्ही? मग माझं एवढं काम करा. तो खड्डा भरलेला अजून कळतो, माती ताजी आहे. तिथून उगवतीकडं सरळ चालत या. एका चौकोनाला आडवी भेग गेलीय, भेगेत तरवड आलाय, तोच चौकोन. संघप्रियाला दाखवा, ती फोडून घेईल, तिच्यात तेवढी धमक आहे. तिला जमलं नाही तर निदान जुळे सोलापुरात जाऊन म्हातारीच्या कानाशी वाका. तिला कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोला. तिनं विचारलं होतं त्याचं उत्तर द्या. म्हणा, तितं तुझी अव्वा हाय.

लवकर जा. शेवटचे खांब उद्या रोवणार आहेत, आणि तिचा श्वास काही माझ्या हातातला नाही.